फिरली ती खोली

दादरला लोकल थांबलेली असते. शेजारच्या रुळावर दुसरी गाडी इतकी खेटून उभी असते की खिडकीभर तीच दिसते. ती हळूच सुटते आणि आपलीच गाडी निघाली असं वाटतं. नुसतं मनाला वाटत नाही, अंगही सावरून घेतं. उभा असलेला माणूस वरची कडी घट्ट धरतो. मग दुसऱ्या बाजूला फलाटाचा खांब दिसतो, तो जागच्या जागी असतो, आणि आपण अजून निघालेलोच नाही हे कळतं. वीस वर्षं याच मार्गावर ये-जा करणाऱ्यालाही हे होतं. हललं दुसरंच काही, तरी मेंदू ती हालचाल आपल्या खात्यावर का मांडतो? आणि इतक्यांदा फसूनही तो शहाणा का होत नाही?

या दोन्ही प्रश्नांची उत्तरं शोधायला एका विस्मरणात गेलेल्या पाळण्याकडे जायला हवं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत लोकांनी तिकीट काढून त्याचा अनुभव घेतला. थोड्याच वर्षांत तो मागे पडला आणि पुढे शंभर वर्षांनी नव्या रूपात परत आला. गंमतजत्रेतली एक हातचलाखी म्हणून त्याची नोंद होते, पण ती नोंद अपुरी आहे. माणसाला आपली हालचाल कशी कळते हे उघडं करून दाखवणारं ते एक उत्तम उपकरण होतं, आणि त्यात बसणारा माणूस मूर्ख ठरत नव्हता. मेंदूचा एक अतिशय शहाणा नियम तिथे आपलं काम चोख बजावत होता.

## सॅन फ्रान्सिस्कोतला झोका

त्या काळी करमणुकीची यंत्रं उंच आणि वेगवान होत चालली होती. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर १८८४ मध्ये चढउताराच्या रुळांवरून धावणारी गाडी सुरू झाली. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिसने २६४ फुटी चक्र उभारलं. आपल्या जत्रांमधला उंच पाळणा आज त्याच घाटाचा असतो. ज्याला लोकांच्या पोटात गोळा आणायचा असेल त्याने त्यांना खरोखर उंच न्यावं, खरोखर खाली सोडावं, हा धंद्याचा सरळ हिशोब होता.

नेमक्या याच वर्षी, १८९३ मध्ये, अमारायाह लेक या अमेरिकी माणसाने उलट्या हिशोबाच्या यंत्राचं पेटंट घेतलं. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये भरलेल्या 'मिडविंटर फेअर' या प्रदर्शनात असा झोका लोकांसाठी खुला झाला. नाव होतं 'हॉन्टेड स्विंग', म्हणजे भुताटकीचा झोका. आत शिरल्यावर नीट सजवलेली एक मोठी खोली दिसे. खोलीच्या वरच्या भागात आडवा लोखंडी दांडा, त्याला टांगलेला मोठा झोका, त्यावर अनेकांना बसता येईल अशी आसनं. लोक बसले की झोका हलू लागे. आधी थोडा, मग जास्त, मग इतका की प्रत्येक हेलकाव्याला आपण खोलीच्या वरच्या कोपऱ्यात जाऊन पोचतो असं वाटे. शेवटी घट्ट धरून बसायची सूचना मिळे आणि झोका दांड्याभोवती पूर्ण गिरकी घेई. पाय छताकडे, डोकं जमिनीकडे.

प्रत्यक्षात झोका जवळजवळ स्थिर असे. त्याला अधूनमधून जरासे हिसके देत, इतकंच. फिरत असे ती खोली. भिंती, छत, जमीन आणि सगळं सामान एकत्र जोडून केलेली ती एक भलीमोठी पेटी होती आणि बाहेरून माणसं तिला दांड्याभोवती हेलकावे देत होती.

रॉबर्ट विल्यम्स वुड या तरुण अमेरिकी शास्त्रज्ञाने या झोक्यात बसून आपला अनुभव १८९५ मध्ये 'सायकॉलॉजिकल रिव्ह्यू' या नियतकालिकात लिहिला. तो वाचताना एक गोष्ट ठळकपणे लक्षात येते. वुडला यंत्राची सगळी रचना ठाऊक होती. खऱ्या झोक्यात अंगाला जो बाहेर फेकणारा जोर जाणवतो तो इथे नाही, हेही त्याच्यासारख्या विचारी माणसाला कळत होतं. तरीही प्रत्येक हेलकाव्याला पोट रितं झाल्यासारखी ती ओळखीची भावना त्याला आवरता आली नाही. हात आपोआप आसनाला घट्ट धरत होते. काहीजण तर चक्कर आणि मळमळीने इतके हैराण झाले की बाहेर पडताना त्यांना धड चालता येईना.

हा वुड कोण, हेही सांगायला हवं. पुढे १९०४ मध्ये फ्रान्समधल्या नान्सी इथे ब्लाँडलो या भौतिकशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत जाऊन, 'एन-किरण' नावाचे किरण अस्तित्वातच नाहीत हे दाखवून देणारा तो हाच. प्रयोग चालू असताना अंधारात त्याने उपकरणातला लोलक गुपचूप काढून घेतला, तरी प्रयोग करणाऱ्यांना किरण 'दिसत'च राहिले. इतरांचे भ्रम इतक्या निर्दयपणे उघडे पाडणारा माणूस या झोक्यात बसल्यावर स्वतःच्या पोटातला गोळा थांबवू शकला नाही. तेव्हाचे लोक भोळे होते म्हणून फसले, हा आक्षेप वुडच्या एका साक्षीपुढेच टिकत नाही.

## टेबलावरचा दिवा

मेंदूच्या बाजूने विचार करून पाहू. डोळ्यांसमोरचं दृश्य सरकतं तेव्हा दोन शक्यता असतात: जग हललं किंवा आपण हललो. डोळ्याच्या पडद्यावर उमटणारं चित्र दोन्ही वेळा सारखंच असतं. मग निवड कशी करायची? समोरून एखादी म्हैस गेली तर दृश्याचा छोटासा तुकडा सरकतो आणि बाकीचं सगळं जागेवर राहतं. तिथे म्हैसच हलली. पण सगळं दृश्य एकदम, एकाच दिशेने सरकलं, तर? घरं, झाडं, डोंगर मिळून कधी सरकत नाहीत. लाखो वर्षं ज्या जगात प्राणी वावरले तिथे सगळं दृश्य सरकण्याचा जवळजवळ एकच अर्थ होता: आपण स्वतः हललो. मेंदू हाच नियम पाळतो, आणि दर वेळी विचार करून नव्हे तर आपोआप. दादरला शेजारची गाडी खिडकीभर असते म्हणून ती मेंदूच्या लेखी 'जग' ठरते. फलाटाचा खांब दिसला की खरं जग कुठलं ते कळतं आणि भ्रम मोडतो. असा स्वतःच्या हालचालीचा भास होण्याला शास्त्रज्ञ 'व्हेक्शन' म्हणतात.

लेकच्या खोलीत असा खांब कुठे नव्हताच. चारही बाजूंनी, वर आणि खाली फक्त फिरणारी भिंत. पण तेवढ्यावर काम भागलं नसतं. या यंत्राची खरी हुशारी त्यातल्या सामानात होती, आणि त्यातही टेबलावरच्या दिव्यात. टेबल जमिनीला पक्कं ठोकलेलं होतं, त्यावरचं कापड टेबलाला, आणि कापडावर दिवा बसवलेला. दिसायला तो घरोघरी असे तसा रॉकेलचा दिवा होता, मात्र काचेच्या आत, झाकणाआड लपवलेला, विजेचा छोटा बल्ब जळत होता. रॉकेलचा दिवा तिरपा झाला की ज्योत काचेला लागते, काजळी धरते, तेल सांडतं. हे त्या काळातल्या प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेलं ज्ञान होतं. तेव्हा दिवा जर शांतपणे जळतोय, तर टेबल सरळ आहे. टेबल सरळ असेल तर खोलीही सरळ आहे. मग तिरपं कोण? अर्थात आपण. वीज तेव्हा नवलाची होती आणि प्रदर्शनांत ती मिरवली जाई. या माणसाने मात्र ती रॉकेलच्या वेषात लपवली आणि तिच्याकडून खोटं बोलवून घेतलं. अख्ख्या यंत्रात याहून बारकाईने विचार केलेला भाग नसेल.

सामानाचं हे महत्त्व पुढे प्रयोगांनी पक्कं झालं. कॅनडात टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठात इयन हॉवर्ड यांनी अशीच, आडव्या आसाभोवती पूर्ण फिरणारी, खुर्च्या-टेबलांनी सजवलेली खोली बांधली. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत नुसते ठिपके रंगवलेला गोल माणसाभोवती फिरवला तर आपण थोडेसे कललो आहोत असंच बहुतेकांना वाटे. सजवलेली खोली फिरवली की मात्र पुष्कळांना आपण कोलांटी घेऊन पूर्ण उलटे झालो असं वाटू लागलं. ठिपक्याला वर-खाली नसतं. खुर्चीला, कपबशीला, दिव्याला असतं. वर कुठे आणि खाली कुठे हे मेंदू अशा वस्तूंवरून वाचतो.

## कान गप्प का बसतो?

इथे जाणकार वाचक अडवेल, आणि त्याचं अडवणं रास्त आहे. हालचाल कळायला फक्त डोळे नसतात. कानाच्या आत तोलाचं इंद्रिय असतं, ते मेंदूला 'आपण स्थिर आहोत' असं का सांगत नाही? त्यासाठी हे इंद्रिय काय मोजतं आणि काय मोजत नाही ते पाहावं लागेल.

पाण्याने अर्धी भरलेली कळशी पाटावर ठेवून झटकन फिरवली तर पहिल्यांदा कळशी फिरते आणि पाणी मागे राहतं. फिरवत राहिलं तर हळूहळू पाणीही कळशीच्या वेगाने फिरू लागतं, आणि मग आतल्या पाण्याला धातूच्या भिंतीशी फरकच जाणवू नये अशी स्थिती येते. कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांमध्ये हेच होतं. डोकं वळायला सुरुवात झाली की नळीतला द्रव मागे रेंगाळतो, त्याने आतले सूक्ष्म केस वाकतात आणि मेंदूला खबर जाते. एकाच वेगाने वळणं चालू राहिलं तर साधारण वीसेक सेकंदांत ही खबर विरत जाते. म्हणजे कान सांगतो तो बदल, आणि तोही झटक्याने झालेला असला तर जास्त चांगला. संथ, सावकाश चालू असलेल्या हालचालीबद्दल त्याचं मौन असतं. त्या मौनाचा अर्थ 'हालचाल नाही' असाही होतो आणि 'हालचाल एकसारखी आहे' असाही. मेंदूला हे ठाऊक असल्यासारखं तो अशा वेळी डोळ्याकडे वळतो.

चौकट : हालचाल आणि तोल कळतो कशावरून?
डोळे: भोवतालचं दृश्य कोणत्या दिशेने आणि किती सरकतं यावरून. संथ हालचालीत भरवशाचे.
अर्धवर्तुळाकार नळ्या: प्रत्येक कानात तीन. डोकं वळू लागलं किंवा वळायचं थांबलं की कळवतात.
कानातले सूक्ष्म खडे: चिकट पापुद्र्यावर बसलेले चुनखडीचे कण. गुरुत्वाकर्षणाने ते ज्या बाजूला ओढले जातात त्यावरून खाली कुठे ते कळतं. हे कधीच गप्प बसत नाहीत.
त्वचा आणि स्नायू: बैठकीवर, तळव्यांवर पडणारा भार.

झोका हळूहळू वाढवत नेण्यामागे आणि त्याला मधूनमधून हिसके देण्यामागे हेच गणित होतं. तो हिसका नुसती सजावट नव्हती. सुरुवातीला अंगाला छोटासा धक्का मिळाला तर भ्रम लवकर जडतो, असं नंतरच्या प्रयोगांत आढळलं. धक्का मिळतो, कान 'काहीतरी सुरू झालं' असं कळवतो, आणि पुढचं सगळं डोळे सांगतात. लेकने या शास्त्राचा अभ्यास केला असेल असं मानायचं कारण नाही. करमणुकीच्या धंद्यातल्या माणसाला गर्दीच्या चेहऱ्यावरून जे कळतं ते त्याला कळलं असावं. पण तिथवर तो पोचला होता हे नक्की.

चौकटीतली तिसरी ओळ मात्र या झोक्याची कमजोर बाजू आहे. कानातले खडे सतत सांगत असतात की भार अजून बैठकीवरच आहे. म्हणून पूर्ण उलटं झाल्याची भावना सगळ्यांना सारख्याच ताकदीने येत नाही. डोळे एक सांगतात, खडे दुसरं, आणि जिथे ही तफावत मिटत नाही तिथे पोट ढवळतं. वुडच्या लेखातली ती मळमळ याच तफावतीतून आली होती. बोटीत बंद खोलीत बसणाऱ्याला, घाटात गाडीत पुस्तक वाचणाऱ्याला, आणि आता डोळ्यांवर आभासी जगाचा चष्मा चढवणाऱ्याला जे होतं, ते याच जातीचं.

## हे सगळं कल्पनेचं तर नाही?

आणखी एक आक्षेप थोडा खोलवर जातो. झोक्याचा मालक आधीच 'घट्ट धरा' म्हणून सांगतो, लोक भीतीच्या तयारीने येतात, शेजारी किंचाळतो. मग हा सगळा सूचनेचा परिणाम का नसावा? असा संशय घेणं योग्यच आहे. त्याचं उत्तर मिळवायला सूचना समजणार नाहीत अशी माणसं हवीत.

एडिनबर्ग विद्यापीठात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्हिड ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी माणसं शोधली. त्यांनी भिंती आणि छत असलेली, पण तळ नसलेली एक खोली टांगली; जमीन स्थिर, खोली मात्र थोडी पुढे-मागे सरकवता येणारी. आत नुकतीच चालायला लागलेली बाळं उभी केली. खोली सरकली की बाळं डगमगली, कित्येक तर पडली, आणि पडली ती खोली सरकली त्याच दिशेने. भिंत जवळ आली म्हणजे आपण पुढे झुकलो, असा त्यांच्या शरीराचा हिशोब. तो चुकवायला त्यांनी अंग मागे टाकलं आणि तोल गेला. या बाळांना भुताची गोष्ट कोणी सांगितली नव्हती. मोठी माणसं सहसा पडत नाहीत, पण त्यांचंही शरीर हलत्या भिंतीबरोबर डोलतं, त्यांच्या नकळत.

मेंदूच्या आतूनही याला दुजोरा मिळाला. कानातल्या तोलाच्या इंद्रियाकडून येणारी खबर मेंदूच्या बुंध्यातल्या ज्या पेशींकडे पोचते, त्यातल्या काही पेशी समोरचं दृश्य सरकलं तरी उत्तेजित होतात, असं १९७४ मध्ये माकडांवरच्या प्रयोगांत दिसलं. माकड जागचं हललेलं नव्हतं, हलला होता तो भोवतालचा पडदा. म्हणजे डोळ्याची खबर आणि कानाची खबर फार लवकर, विचार सुरू होण्याच्या कितीतरी आधी, एकमेकींत मिसळतात. आपल्याला जाणवतं ते मिसळल्यानंतरचं. वुडला सगळं ठाऊक असून उपयोग का झाला नाही, आणि लोकलमधला नेहमीचा प्रवासी शहाणा का होत नाही, ते इथे कळतं: त्याचं ज्ञान जिथे असतं तिथवर पोचेपर्यंत निकाल लागलेला असतो.

## झोका गेला कुठे?

इतकं प्रभावी यंत्र होतं तर मग ते दुर्मिळ का झालं? याचं एक कारण सरळ दिसतं. एका खोलीला एकच गोष्ट करता येते, आणि ती करायला झोक्यावरच्या मूठभर माणसांसाठी अख्खी इमारत अडते. रुळांवरच्या गाड्या दर वर्षी उंच करता येत होत्या. या खोलीत वाढवण्यासारखं काही नव्हतं. शिवाय गुपित फुटलं की भास तर राहतो, पण कुतूहल ओसरतं, आणि जत्रेतला धंदा कुतूहलावरच जास्त चालतो.

दुसरं कारण जास्त बोलकं आहे. लेकची कल्पना मेली नाही, तिने लाकडी भिंती टाकून सरकत्या चित्रांचा पडदा धरला. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनातल्या 'मारेओरामा'त प्रेक्षक डुलणाऱ्या जहाजावर उभे असत आणि दोन्ही बाजूंनी सागरकिनाऱ्यांची लांबच लांब चित्रं सरकत. त्यानंतर चार-पाच वर्षांत कॅन्सस सिटीच्या अग्निशमन दलाचे प्रमुख राहिलेले जॉर्ज हेल यांनी रेल्वेचा डबा उभा करून त्याच्या टोकाला पडदा लावला. धावत्या गाडीच्या पुढून घेतलेला चित्रपट पडद्यावर आणि डब्याला खालून हादरे. हेच सूत्र आज मोठमोठ्या पडद्यांच्या सफरींत दिसतं. खोपोलीच्या इमॅजिकात 'आय फॉर इंडिया' बघताना देशावरून उडत असल्याचा जो भास होतो, त्याची वंशावळ अशीच मागे जाते. पडद्यावरचं दृश्य दर वर्षी बदलता येतं, दिवा टेबलाला ठोकावा लागत नाही.

खोली मात्र परतली. नेदरलँड्समधल्या एफ्टेलिंग उद्यानात १९९६ मध्ये 'व्हिला व्होल्टा' सुरू झाली आणि २००० मध्ये इंग्लंडच्या आल्टन टॉवर्समध्ये 'हेक्स'. व्हेकोमा या डच कंपनीने त्यात लेकच्या हिसक्याची जागा नेमक्या यंत्राला दिली: लोकांची बैठक खरोखरच काही अंश डोलते, आणि भोवतालची खोली पूर्ण गिरकी घेते. म्हणजे कानातल्या खड्यांना थोडी खरी हालचाल देऊन डोळ्याच्या मोठ्या खोट्याशी त्यांचा सूर जुळवला जातो. शंभर वर्षांत भर पडली ती नेमकी कमजोर बाजूवर. आणि या काळातले लोक चित्रपट, विमान, संगणक सगळं बघून आलेले. तरी ते आसनाचा दांडा घट्ट धरतात.

## भारच नसेल तर

खड्यांची साक्ष पूर्ण बाद करायची तर गुरुत्वाकर्षणच नाहीसं व्हावं लागेल, आणि तेही करून पाहिलं गेलं. १९८३ मध्ये अंतराळात गेलेल्या 'स्पेसलॅब-१' मध्ये लॉरेन्स यंग आणि सहकाऱ्यांनी आखलेला एक प्रयोग होता: आतून रंगीत ठिपके असलेला एक घुमट अंतराळवीराच्या तोंडासमोर धरून फिरवायचा. इथे टेबल नाही, दिवा नाही, भुताची गोष्ट नाही. जमिनीवर ज्या ठिपक्यांनी माणूस जेमतेम कलल्यासारखा वाटतो तसेच हे ठिपके. वजनरहित अवस्थेत स्वतः फिरत असल्याची भावना जमिनीवरच्यापेक्षा जोरकस झाली. मग अंतराळवीरांना लवचिक पट्ट्यांनी खालच्या पृष्ठभागाकडे ओढून धरलं गेलं, तेव्हा काहींच्या बाबतीत भास पुन्हा उणावला. तळव्यांवर पडलेला तेवढासा दाब त्यांना पुरला होता.